औषधांचा राजगुरू : चिनी वैद्यकातील ज्येष्ठमध



आज ज्या विषयावर मी आपणांशी बोलणार आहे, तो वस्तुतः वैद्याचा विषय. आणि मी तर वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून पुढे सारे आयुष्य मुलांना पाढे आणि व्याकरण शिकविण्यात घालविलेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर, एवढाच माझा अधिकार. तथापि एका गोड मुळाने उतारवयात मला जो धडा दिला, तो आपणांस सांगितल्यावाचून राहवत नाही. आणि तो नीट सांगावयाचा तर त्या मुळाचा सर्वांत अधिक मान ज्या देशात राखला गेला, त्या चीन देशाच्या वैद्यकाकडे वळणे भाग आहे. हे मूळ म्हणजे आपणां सर्वांच्या ओळखीचे ज्येष्ठमध.

मास्तरकी हा घशाचा धंदा. भरल्या वर्गात दिवसाचे पाच-सहा तास बोलावयाचे म्हटल्यावर आवाज बसणे हे नित्याचेच. आणि त्यावर ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरणे हा माझ्या पिढीच्या मास्तरांचा ठरलेला उपाय. सेवानिवृत्तीनंतर एका हिवाळ्यात मला खोकला जडला. तेव्हा मी दिवसभर कांडी चघळू लागलो, आणि रात्री निजताना वर त्याचाच काढा घेऊ लागलो. दोन-अडीच महिने हा क्रम चालला. पुढे पावलांवर सूज दिसू लागली, जिना चढताना मांड्या गळून जाऊ लागल्या, आणि गोळीने ताब्यात असलेला रक्तदाब एकाएकी वर गेला. डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. त्याने रक्त तपासविले, तो त्यात पोटॅशियम हा क्षार फार उतरलेला. "गुरुजी, माझ्या गोळीखेरीज आणखी कोणते औषध घेता?" असे त्याने विचारले. "कोणतेही नाही," असे मी छातीवर हात ठेवून सांगितले. आणि हे सांगत असता कांडी माझ्या गालात होती! खोटे बोलण्याचा माझा हेतू नव्हता. ज्येष्ठमध हे औषध आहे, हेच मुळी माझ्या गणतीत नव्हते. कांडी सुटली, काही आठवड्यांत सूज ओसरली, अंगात बळ आले. परंतु इतक्या सात्त्विक वस्तूने असे का करावे, हा प्रश्न मनातून जाईना. आणि त्याचा माग काढता काढता मी चिनी वैद्यकाच्या दारात जाऊन पोहोचलो.

चिनी भाषेत ज्येष्ठमधाला 'गान-त्साओ' म्हणतात. त्याचा अर्थ सरळच आहे : गोड वनस्पती. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानांत मिळते ते मूळ आणि चिनी लोक मुख्यत्वे वापरतात ते मूळ या एकाच कुळातल्या दोन सख्ख्या बहिणी होत. चीनच्या सरकारी औषधिकोशाने मात्र तीन जातींना या नावाखाली मान्यता दिली असून आपल्या परिचयाची जात त्या तिहींत आहे. हे झुडूप वाटाण्याच्या, गुंजेच्या वर्गातले. भरघोस पावसाचा प्रदेश त्याला मानवत नाही. चीनच्या उत्तरेस व वायव्येस अंतर्मंगोलिया, निंग्शिया, कान्सू, शिनज्यांग असे कोरडे, वालुकामय प्रांत आहेत. तेथे ते आपोआप वाढते. वर हात-दोन हात उंचीचे झुडूप दिसावे, आणि खाली मुळे पाण्याच्या शोधात पुरुषभर व त्याहूनही खोल गेलेली असावीत, अशी त्याची रचना असते. वसंतात किंवा शरदात मुळे खणतात व उन्हात वाळवितात. साल तांबूस-तपकिरी आणि आतला गाभा पिवळा निघतो. आडवा छेद घेतला असता मध्यापासून कडेकडे किरणांसारख्या रेषा दिसतात. चिनी व्यापारी त्यांना शेवंतीचे फूल म्हणतात आणि त्यावरून मालाची पारख करतात.

या मुळाची परंपरा किती जुनी आहे, याचा एक पुरावा जमिनीतूनच वर आला. हूनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगत्वी नावाचे ठिकाण आहे. तेथील एक थडगे १९७३ साली उघडले गेले. ख्रिस्तपूर्व १६८ साली ते बंद झाले होते. त्यात रेशमी वस्त्रावर लिहिलेला बावन्न व्याधींच्या उपचारांचा एक ग्रंथ सापडला. त्या उपचारांत ज्येष्ठमध आहे. पुढे हान राजवटीच्या काळात शन्नोंग या पुराणपुरुषाच्या नावावर औषधींचा एक आद्यग्रंथ सिद्ध झाला. त्यात ३६५ औषधींची उत्तम, मध्यम व कनिष्ठ अशी तीन वर्गांत वाटणी केलेली आहे. उत्तम वर्गातील औषधी निर्विष होत, त्या पुष्कळ घेतल्या अथवा दीर्घकाळ घेतल्या तरी मनुष्यास अपाय करीत नाहीत, असा त्या ग्रंथाचा अभिप्राय आहे. आणि ज्येष्ठमध या उत्तम वर्गात बसविलेले आहे. श्रोत्यांनी हा अभिप्राय कृपा करून ध्यानात ठेवावा. शेवटी त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांत ताओ हुंगचिंग नावाचा मोठा पंडित होऊन गेला. त्याने ज्येष्ठमधाला 'क्वो-लाओ' ही पदवी असल्याचे सांगितले आहे. या शब्दाचा अर्थ राज्यातील वडीलधारा पुरुष, म्हणजे राजगुरू. राजगुरू स्वतः राजा नसतो. परंतु त्याच्या सल्ल्यावाचून राजाचे पान हालत नाही. ही उपमा शोभेची नव्हे. चिनी वैद्य एकच औषध देऊन क्वचितच थांबतो. त्याचा काढा म्हणजे एक लहानसे राज्यच असते. मुख्य व्याधीवर चाल करून जाणारे औषध हा राजा. त्याला बळ देणारा तो मंत्री. राजाची तीव्रता आवरणारा किंवा उपव्याधी पाहणारा तो साहाय्यक. आणि सर्वांना मार्ग दाखवून त्यांच्यांत सलोखा राखणारा तो दूत. ज्येष्ठमध बहुधा या शेवटच्या जागी असते. इसवी सन २०० च्या सुमारास चांग चुंगचिंग या वैद्यराजाने शीतजन्य ज्वरांवर 'शांगहान लुन' हा ग्रंथ रचिला. त्यातील शंभरावर काढ्यांपैकी सुमारे सत्तर काढ्यांत ज्येष्ठमध आहे. दुसऱ्या कोणत्याही औषधीला इतक्या काढ्यांत स्थान मिळालेले नाही.

सलोखा राखावयाचा म्हणजे काय करावयाचे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. त्याच ग्रंथात हातपाय गार पडलेल्या, नाडी बुडालेल्या रोग्यासाठी एक काढा आहे. त्यात केवळ तीन द्रव्ये : बचनागाच्या जातीचे मूळ, सुंठ आणि ज्येष्ठमध. बचनाग हे जहाल विष होय, हे आपणांस सांगावयास नको. ते शोधून, दीर्घकाळ उकळून त्याची धार कमी करावी लागते. ज्येष्ठमधाचे काम असे की, त्या अग्नीसारख्या द्रव्यांचा वेग त्याने आवरावा आणि त्यांचे कार्य एकदम भडकून विझू न देता टिकवून धरावे. घोडा उधळू नये म्हणून लगाम असतो, तसाच हा प्रकार.

परंतु राजगुरूने प्रसंगी स्वतःही शस्त्र हाती धरावे, असेही काही प्रसंग आहेत. पहिला प्रसंग घशाचा, म्हणजे माझ्या व्यवसायाचा. घसा दुखत असता चांग चुंगचिंग केवळ ज्येष्ठमधाचा काढा सांगतो. पाणी निम्मे आटवावयाचे आणि तो काढा दिवसातून दोन वेळा घ्यावयाचा. त्याने गुण न आला तर तो हेच औषध वाढवीत बसत नाही; घंटेसारखी निळी फुले येणाऱ्या चियेकंग नावाच्या वनस्पतीचे मूळ त्यात घालून तो काढाच बदलतो. मी मात्र अडीच महिने तीच कांडी चघळीत होतो! त्या जुन्या वैद्याचे चार शब्द वेळीच वाचले असते, तर बरे झाले असते.

दुसरा प्रसंग पेटक्यांचा. रात्री पोटरीत गोळा येऊन माणूस कळवळतो, त्यावर पांढऱ्या पिओनीचे मूळ व ज्येष्ठमध समभाग घेऊन केलेला काढा त्याच ग्रंथात आहे. जपानी वैद्यकाने तो उचलला, आणि आजही तेथील डॉक्टर पोटरीच्या पेटक्यांवर तो लिहून देतात. तिसरा प्रसंग मनाचा. कारण नसता वारंवार रडू येणे, जांभया येणे, चित्त ठिकाणावर नसणे, अशा स्त्रियांसाठी ज्येष्ठमध, गहू आणि वाळविलेली लाल बोरे यांचा काढा सांगितला आहे; तो औषधापेक्षा घरच्या न्याहारीसारखाच अधिक वाटतो. चौथा प्रसंग हृदयाचा. नाडी मध्येच चुकते, छातीत धडधड होते, अशा रोग्यास जो नऊ द्रव्यांचा काढा देतात, त्याचे नावच ज्येष्ठमधाचा काढा असे आहे. येथे दूताला राजाचे सिंहासन मिळाले आहे. याखेरीज कोरडा खोकला, पचनाची दुर्बलता, गळवे आणि अन्नातील किंवा औषधातील विषार, यांवरही ते वापरतात.

कच्चे मूळ आणि संस्कार केलेले मूळ यांत चिनी वैद्य काटेकोर भेद करतात. कच्चे मूळ त्यांच्या मते उष्णता व विषार शमविते, म्हणून ते घशासाठी व गळवांसाठी. शक्ती भरून काढावयाची असेल, पोट सावरावयाचे असेल किंवा नाडी सुधारावयाची असेल, तर मधात परतलेले मूळ घ्यावयाचे. शंभर भाग चकत्यांस पंचवीस भाग मध, हे आजचे प्रमाण. मध थोड्या पाण्यात सैल करून चकत्यांवर घालतात, तो मुरला म्हणजे मंद आचेवर कढईत परततात, आणि चकत्या पिवळसर होऊन हाताला चिकटेनाशा झाल्या की उतरवितात.

आता या राजगुरूची दुसरी बाजू पाहू. आपल्याकडे जसे श्लोक पाठ करवितात, तसे चिनी वैद्यकाचे विद्यार्थी परस्परविरोधी अठरा औषधींची एक कविता पाठ करतात. तीत ज्येष्ठमधाचे चार वैरी सांगितले आहेत. त्यांतले एक समुद्रशैवाल आहे. उरलेली तिन्ही द्रव्ये तीव्र असून शरीरात साचलेले पाणी जोराने बाहेर काढणारी आहेत. शिवाय ज्याचे पोट फुगलेले आहे, अंगावर सूज आहे, त्यास ज्येष्ठमध देऊ नये, असेही त्यांच्या शिक्षणात सांगतात. म्हणजे हे गोड मूळ आणि शरीरातील पाणी यांचे काहीतरी बिनसते, ही गोष्ट त्या वैद्यांच्या नजरेतून सर्वस्वी सुटलेली दिसत नाही. तिचे कारण कळावयास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

१९४६ साली हॉलंडमध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टराने जठरव्रणाच्या रोग्यांना ज्येष्ठमधाचा अर्क दिला. व्रणांस गुण आला. परंतु सुमारे पाचांतील एका रोग्याच्या अंगावर सूज आली. पुढे संशोधकांनी याचे कारण शोधले. ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसिरायझिन या द्रव्यात असते. ते साखरेच्या कित्येक पटींनी गोड. आतड्यातील सूक्ष्म जंतू त्याचे रूपांतर एका आम्लात करतात आणि ते आम्ल रक्तात शिरते. आपल्या मूत्रपिंडात मीठ राखून ठेवण्याचा हुकूम देणारी एक कळ असते. ती अल्डोस्टेरोन नावाच्या अंतःस्रावाने दाबावी, असा निसर्गाचा संकेत. परंतु कॉर्टिसोल हा दुसरा अंतःस्राव रक्तात त्याहून पुष्कळ अधिक असतो, आणि तोही ती कळ दाबू शकतो. म्हणून निसर्गाने तेथे एक पहारेकरी बसविला आहे. हे एक पाचकद्रव्यासारखे द्रव्य असून ते कॉर्टिसोलला दारातच निष्प्रभ करून टाकते. ज्येष्ठमधातील आम्ल या पहारेकऱ्याला झोपविते. ही गोष्ट १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट झाली. पहारेकरी झोपला की कॉर्टिसोल आत शिरून कळ दाबीत सुटतो. मीठ व पाणी शरीरात साठते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे वाहून जाते. पोटॅशियम उतरले की स्नायू दुर्बळ होतात, आणि हृदयाचा ताल बिघडतो. जे मूळ चुकणाऱ्या नाडीवरचे औषध म्हणून नावाजले, त्याच्याच अतिरेकाने नाडी चुकू शकते, ही मोठी विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

पाणी काढणाऱ्या द्रव्यांशी ज्येष्ठमधाचे वैर सांगणाऱ्या त्या जुन्या कवितेची मला येथे आठवण होते. आज रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या देतात. त्यांतील पुष्कळ गोळ्यांनी पोटॅशियम आधीच कमी होते. त्यांच्या जोडीला ज्येष्ठमध आले म्हणजे एकाच तिजोरीवर दोन चोर सुटावेत तसे होते. माझी गोळी याच जातीची होती. प्राचीनांच्या मनात नेमके काय होते, हे ठामपणे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्यांचा निषेध आणि आजच्या डॉक्टरांचा निषेध एकाच दिशेला बोट दाखवितात, एवढे खरे.

आता थोडे त्रैराशिक करू. ज्येष्ठमधाच्या वाळलेल्या मुळात शंभरांत किमान दोन भाग हे गोड द्रव्य असावे, अशी चिनी औषधिकोशाची अट आहे. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि शेती संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीचे मत असे की, या द्रव्याचे दिवसाला शंभर मिलिग्रॅमपर्यंतचे सेवन बहुतेक प्रौढ माणसांना अपायकारक होऊ नये. मग पाच ग्रॅम मुळात ते किती? शंभर मिलिग्रॅम. म्हणजे बोटभर एक कांडी पुरी होते. चिनी कोशातील मात्रा रोज दोन ते दहा ग्रॅमांची आहे. परंतु ती वैद्याच्या नजरेखाली, इतर द्रव्यांच्या संगतीत आणि रोग पाहून दिलेली असते. काढ्यात सगळे सत्त्व उतरत नाही, हेही खरे. परंतु दिवसभर चघळणाऱ्याला कांड्यांची मोजदाद राहत नाही, आणि काही प्रकृतींना त्याहून थोडक्यानेही बाधा होते.

अतिरेकाचा दंड एकट्या रोग्यालाच होतो असे नाही. तो भूमीलाही होतो. वाळवंटाच्या कडेला ज्येष्ठमधाची मुळे वाळू धरून ठेवतात. मागणी वाढली तशी माणसे कुदळी-फावडी घेऊन रानोमाळ खणू लागली. एक मूळ काढावयाचे तर सभोवतीचे गवतही उपटले जाते, आणि मोकळी झालेली वाळू वाऱ्याबरोबर उठते. अखेरीस २००० साली चीनच्या मंत्रिमंडळाने ज्येष्ठमधाच्या बेसुमार खोदाईस आळा घालणारा हुकूम काढला. तेव्हापासून लागवडीवर अधिकाधिक भर दिला गेला आहे. लागवडीतले मूळ कामास यावयास साधारण तीन वर्षे लागतात.

या मुळाविषयी अलीकडे पुष्कळ मोठे बोलले जाते, म्हणून एक खुलासा करतो. जपानात त्याच्या सत्त्वाची सुई यकृताच्या जुनाट दाहावर अनेक दशके दिली गेली. हे रुग्णालयातले, डॉक्टरांच्या देखरेखीतले काम. २००३ साली जर्मनीतील संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींत सार्सच्या विषाणूची वाढ ते सत्त्व रोखते, असे दाखविले. काचपात्रातला हा विजय होता. रोगी बरे झाल्याचा तो पुरावा नव्हे. हा भेद न करता जो मनुष्य घरी काढ्यावर काढा उकळतो, तो माझ्याच वाटेने जातो.

तर मग शन्नोंगाच्या नावावरचा तो जुना अभिप्राय, की हे मूळ पुष्कळ आणि दीर्घकाळ घेतले तरी अपाय नाही, त्याचे काय करावयाचे? माझ्या अल्प मतीला असे वाटते की, त्या ग्रंथाचा मान राखूनही हे वाक्य आज आपण मान्य करू नये. चिनी वैद्यांनीच आपल्या प्रत्यक्ष व्यवहारात ते वाक्य सुधारून घेतले आहे. त्यांनी ज्येष्ठमधाला संगत दिली, मात्रा दिली, वैरी सांगितले, आणि गुण न आल्यास काढा बदलण्याची शिकवण दिली. राजगुरूचे महत्त्व सल्ल्यात आहे. त्यानेच रात्रंदिवस गादीवर ठाण मांडले तर राज्याची घडी विस्कटावयाचीच.

आपणां सर्वांस माझी विनंती एवढीच. दोन दिवस घसा बसला असता कांडी तोंडात धरण्यास भिण्याचे कारण नाही. परंतु ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्यांना लघवीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, आणि ज्या भगिनी गर्भवती आहेत, त्यांनी ज्येष्ठमध डॉक्टरांस विचारल्याखेरीज नेमाने घेऊ नये. पायावर सूज आली, अंग गळाले, छातीत धडधडले, तर ते तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे. आणि डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" असे विचारले, म्हणजे स्वयंपाकघरातल्या डबीतले, खिशातले, गालातले, सारे त्यांना सांगावे. माझ्या विद्यार्थ्याने मला हा प्रश्न पुन्हा एकदा विचारला, म्हणून मी आज आपल्यापुढे बोलावयास उभा आहे.